वाळवंटी किनाऱ्यावरचे सुती शीड

१/ २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून एक जहाज ओमानच्या दिशेने निघाले. त्याला इंजिन नव्हते. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या होत्या. शिडांत भरेल तेवढ्या वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून ते १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचले. भारतीय नौदलाच्या या जहाजाचे नाव ‘कौंडिण्य’. आजचा धागा या जहाजापासून सुरू होतो, पण त्याचा रोख वऱ्हाडाकडे आहे.

२/ ‘कौंडिण्य’ची बांधणी गोव्यात, दिवाडी बेटावर झाली. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली फळ्या शिवल्या गेल्या आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे जहाज नौदलात दाखल झाले. एवढ्या जुन्या जहाजाचा कोणताही आराखडा आज शिल्लक नाही. मग नमुना कोठून घेतला? अजिंठ्याच्या भिंतीवरून. तेथे रंगवलेले पाचव्या शतकातील जहाज पाहून, त्याची मापे काढून, ते पाण्यावर तरेल की नाही याच्या चाचण्या घेऊन हे जहाज उभे राहिले.

३/ अजिंठ्यातील बहुतेक उत्तरकालीन लेणी वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातील मानली जातात. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे कोरवून घेतल्याचा शिलालेख तेथेच आहे. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. हे वाशीम १९९८ पर्यंत आपल्या अकोला जिल्ह्यातच होते. समुद्र जवळपास कोठेही नसलेल्या राजधानीच्या राज्यात चित्रकारांनी जहाज रंगवले आणि दीड हजार वर्षांनी त्याच नमुन्याचे जहाज अरबस्तानच्या किनाऱ्याला लागले. हा योगायोग मानावा, की त्यामागे काही इतिहास आहे?

४/ तेल्हाऱ्यातून पश्चिमेकडे सरळ रेषेत निघाले, तरी सर्वांत जवळचा समुद्र चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आपल्याकडे पडलेले पावसाचे पाणी मात्र पूर्णेतून तापीत आणि तापीतून सुरतेजवळ समुद्रात जाते. शालेय पुस्तकांत समुद्राचा इतिहास म्हणजे कोकण, आरमार आणि आंग्रे. देशावरच्या आणि वऱ्हाडातल्या माणसाला त्यात जागा नसते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका उष्ण, ओसाड किनाऱ्यावरचे पुरावे या समजुतीला धक्का देतात.

५/ तो किनारा तांबड्या समुद्राचा. एका बाजूस इजिप्तचे पूर्व वाळवंट, दुसऱ्या बाजूस अरबस्तान. इजिप्तच्या बाजूस दक्षिणेकडे बेरेनिके नावाचे बंदर होते. नाईल नदीवरील कोप्टोस या गावाहून तेथे उंटांच्या तांड्याने जावे लागे. रोमन लेखक प्लिनी हा प्रवास बारा दिवसांचा सांगतो आणि उन्हामुळे बहुतेक वाट रात्री चालावी लागते, असेही नोंदवतो. जवळ शेती नाही, गोड्या पाण्याची मारामार. तरीही हे बंदर शतकानुशतके गजबजलेले होते.

६/ असल्या जागी बंदर का? उत्तर वाऱ्यात आहे. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वारा वर्षभर उत्तरेकडून वाहतो. भारताहून परतणाऱ्या शिडाच्या जहाजाला त्या वाऱ्याविरुद्ध वर सरकणे म्हणजे दिवसेंदिवस झुंज. त्यापेक्षा माल दक्षिणेतच उतरवावा आणि पुढे उंटावर लादावा, हे परवडत असे. जाताना जहाजे जुलैत सुटत, उत्तरेचा वारा पाठीवर घेऊन बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या शेवटच्या टप्प्यावर भारत गाठत. परतीसाठी ईशान्य मोसमी वाऱ्यांची वाट पाहावी लागे. ‘कौंडिण्य’ही हिवाळ्यातच निघाले, ते याच जुन्या वेळापत्रकानुसार.

७/ या जलमार्गाचे सर्वांत जिवंत वर्णन ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक पुस्तिकेत आहे. तिचा लेखक अज्ञात आहे, पण तो पुस्तकी पंडित नाही. कोठे काय विकते, कोठे नांगर धरत नाही, हे त्याला ठाऊक आहे. अरबस्तानच्या किनाऱ्याबद्दल तो बजावतो की बंदरे नाहीत, खडक आहेत, किनाऱ्यावरचे लोक फुटलेल्या जहाजातील माणसांना पकडतात. म्हणून आम्ही समुद्राच्या मध्यातून शक्य तितक्या वेगाने पुढे जातो, असे तो सांगतो. आज पर्यटकांना मोहविणारे तेथील प्रवाळ त्या काळी जहाजाचा तळ फाडणारे होते.

८/ आता मुद्द्यावर येऊ. बेरेनिके येथे १९९४ पासून स्टीव्हन साइडबॉथम आणि विलेके वेन्ड्रिख यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन सुरू झाले. वाळवंटाच्या कोरड्या हवेत कापड, दोर, लाकूड अशा एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू टिकल्या. कचऱ्याच्या ढिगांत जाड कापडाचे तुकडे मिळाले. त्यांवर मजबुतीसाठी आडव्याउभ्या पट्ट्या शिवलेल्या होत्या. ती जहाजांची शिडे होती. उत्तरेकडील म्योस होर्मोस या दुसऱ्या बंदरातही तशीच शिडे आणि शीड गुंडाळण्याच्या दोऱ्या ओवण्याची कडी सापडली. शिडाची घडण रोमन पद्धतीची होती. कापड मात्र सुती होते.

९/ इजिप्त हा तागाच्या तलम कापडाचा, म्हणजे लिननचा देश. मग हे सूत कोठले? येथे वस्त्र-अभ्यासक एक साधी खूण पाहतात, ती म्हणजे सुताच्या पिळाची दिशा. इजिप्तमध्ये परंपरेने सूत डावीकडे पिळत, भारतात उजवीकडे. इंग्रजी ‘एस’ आणि ‘झेड’ या अक्षरांच्या मधल्या तिरप्या रेषेवरून या दोन पिळांना नावे पडली आहेत. बेरेनिकेच्या शिडांतले सूत ‘झेड’ पिळाचे, भारतीय धाटणीचे निघाले. कातणारीच्या बोटांची सवय दोन हजार वर्षे धाग्यात तशीच राहिली होती.

१०/ याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. भारतीय कापड त्या जहाजांत माल म्हणून जात होते, हे आधीपासून माहीत होते. पण जहाज ज्याच्या बळावर चालते ते शीडच भारतीय सुताचे असेल, तर कोठारात ठेवलेल्या मालापेक्षा ही गोष्ट वेगळी ठरते. त्या ओसाड किनाऱ्यावर वारा धरण्याचे काम आपल्याकडे काढलेले सूत करत होते.

११/ ‘म्हणजे तो वऱ्हाडचाच कापूस!’ असा संदेश उद्या कोणी फिरवील. तसे म्हणू नये. पिळावरून देश कळतो, शेत कळत नाही. पण कापडाच्या वाटा मात्र पेरिप्लस स्वतः सांगतो. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, त्याच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान दगड आणि तगरहून साधे कापड व तलम वस्त्रे गाड्यांवर लादून, मोठ्या बिनरस्त्याच्या मुलुखातून भडोचला येत. दख्खनच्या काळ्या मातीच्या प्रदेशातील माल समुद्राला मिळत होता, एवढे यातून निश्चित होते. तेरला समुद्र नाही आणि पैठणलाही नाही.

१२/ हा सगळा व्यवहार केवळ रोमन जहाजांच्या हाती नव्हता. आफ्रिकेच्या शिंगाजवळच्या, आजच्या सोमालियाच्या रखरखीत किनाऱ्यावर भारतातून गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड आणि उसाची साखर येते, असे पेरिप्लस नोंदवतो. काही जहाजे थेट तेथे जातात. काही वाटेतल्या बंदरांवर थांबत, देवघेव करत पुढे सरकतात, असेही तो सांगतो. वाळवंटात तूप आणि तिळाचे तेल का विकले जाई, याला वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज नसावी.

१३/ अशा प्रवासाला माणसे एकटी जात नसत. संस्कृतात समुद्रावरून व्यापार करणाऱ्यास ‘सांयात्रिक’ म्हणतात. अमरकोशातही हा शब्द आहे. त्याच्या मुळाशी ‘संयात्रा’ आहे, म्हणजे एकत्र केलेला प्रवास. जमिनीवर जसा सार्थ, तशी समुद्रावर संयात्रा. भांडवल एकत्र, धोका एकत्र, वाऱ्याची वाट पाहणेही एकत्र. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात रंगवलेली पूर्णाची कथाही हेच सांगते. सोपाऱ्याचा हा व्यापारी पुढे भिक्षू होतो आणि वादळात सापडलेल्या आपल्या भावाच्या जहाजाला वाचवतो. तीन डोलकाठ्यांचे ते प्रसिद्ध जहाज याच कथेतले.

१४/ या सोबत्यांच्या हस्ताक्षरांचा ठेवाही उपलब्ध आहे. एडनच्या आखाताच्या तोंडाशी सोकोत्रा बेट आहे. तेथे अरब, भारतीय आणि ग्रीक लोक व्यापारासाठी येऊन राहिले आहेत, असे पेरिप्लस म्हणतो. त्या बेटावरील होक नावाच्या खोल गुहेत २००० सालानंतर बेल्जियन गुहासंशोधकांना सुमारे दोनशे लेख दिसले. बहुतांश ब्राह्मी लिपीतील, साधारण दुसऱ्या ते पाचव्या शतकातील. जर्मन अभ्यासक इंगो श्ट्राउख यांनी ते २०१२ मध्ये प्रकाशित केले.

१५/ त्या लेखांत राजे नाहीत, युद्धे नाहीत. कोणाचे नाव, कोणाच्या बापाचे नाव, कोणाचे गाव. भरुकच्छ, म्हणजे भडोच, तेथे वाचता येते. सौराष्ट्राचे हस्तकवप्रही वाचता येते. वारा बदलेपर्यंत बेटावर अडकलेली ही मंडळी मशाली घेऊन अंधाऱ्या गुहेत बरीच आत चालत गेली आणि हाताशी असलेल्या माती-कोळशाने भिंतीवर नावे लिहून परत आली. गडकोटांच्या भिंतींवर आज कोणी नाव कोरले तर आपण संतापतो, आणि ते योग्यच आहे. पण होकच्या भिंती नसत्या, तर या माणसांची एवढीही नोंद उरली नसती.

१६/ बेरेनिकेने अलीकडे आणखी दोन गोष्टी दिल्या. एप्रिल २०२३ मध्ये तेथील मंदिराच्या परिसरात सापडलेल्या संगमरवरी बुद्धमूर्तीची घोषणा झाली. त्याच मंदिरात संस्कृत आणि ग्रीक अशा दोन भाषांतील लेखही मिळाला. तो तिसऱ्या शतकाच्या मध्याचा, रोमन सम्राट फिलिप याच्या काळातील आहे. देणगीदाराचे नाव वसुल. आणि त्याच घोषणेत दुसऱ्या शतकातील दोन नाण्यांचा उल्लेख होता. ती नाणी सातवाहनांची होती.

१७/ सातवाहनांचे नाणे वऱ्हाडाला परके नाही. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे सातवाहन नाण्यांचा हजाराहून मोठा साठा सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि काही सातवाहन राजांची नावे प्रथम त्या साठ्यातूनच नाण्यांवर वाचली गेली. ज्या राजवटीचे चलन तऱ्हाळ्यात पुरले गेले, त्याच राजवटीचे चलन तांबड्या समुद्राच्या वाळूतही पडले होते. वऱ्हाड आणि तो किनारा एकाच व्यवहाराच्या जगात होते, याचा यापेक्षा ठोस पुरावा मागण्याचे कारण नाही.

१८/ नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात तिच्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या प्रदेशांची यादी आहे. त्या यादीत विदर्भ आहे. त्याची वाहने तीन समुद्रांचे पाणी प्यायली, हे बिरुदही तेथेच आहे आणि ते आपल्याला शाळेपासून पाठ असते. राजाच्या घोड्यांची तहान शिलालेखात नोंदली गेली. ज्यांनी कापूस वेचला, सरकी काढली, सूत पिळले, कापड विणले, त्यांचे नाव कोठेही नाही. त्यांचा लेख म्हणजे तो उजवीकडचा पीळ.

१९/ या कथेचा उत्तरार्धही याच किनाऱ्यावर घडतो. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये खामगावची कापूस-रेल्वे सुरू झाली. आता वऱ्हाडचा कापूस मुंबईहून आगबोटीने तांबड्या समुद्रातून, बेरेनिकेच्या अवशेषांवरून, लिव्हरपूलकडे जाऊ लागला. यावेळी ‘तो वऱ्हाडचाच होता का’ असा प्रश्न नाही. खामगाव आणि अमरावतीचे बाजार त्यासाठीच वाढले. पण यावेळी जहाजावर चढत होत्या दाबलेल्या गाठी. सूत तिकडे निघणार, कापड तिकडे विणले जाणार आणि तेच पुन्हा आपल्याच बाजारात विकायला येणार.

२०/ एकच समुद्र, तोच ओसाड किनारा. पहिल्या शतकात दख्खनचे तयार कापड त्यावरून गेले. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडचा कच्चा कापूस गेला. अंतर तेवढेच होते, मधले कसब मात्र हातचे गेले होते. तेल्हाऱ्यासारख्या तालुक्यात आजही कापूस पिकतो, जिनिंगमध्ये त्याची गाठ बांधली जाते आणि ती बाहेर जाते. म्हणून हा धागा केवळ प्राचीन वैभवाची उजळणी म्हणून वाचू नये.

२१/ पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात, तर दुसऱ्या लेण्यात ते जहाज शोधा. गर्दी पद्मपाणीच्या लेण्यात असते. येथे थोडा निवांतपणा मिळतो. डोळे अंधाराला सरावू द्या आणि शिडे पाहा. त्यांचे कापड कोणी विणले असेल, हे सोबतच्या मित्राला विचारा. आणि कोणाच्या गावी ताम्रपट, जुनी नाणी किंवा विणकरांच्या वस्तीच्या आठवणी असतील, तर गावाच्या नावासह खाली लिहा. वऱ्हाडच्या नकाशावर त्या एकेक करून मांडू. (समाप्त)