कोसंबी, भाभा आणि एक फाईल

डी. डी. कोसंबी म्हटलं की आपल्याला इतिहासकार आठवतो. पण मंडळी, पोटापाण्याला हा माणूस गणिती! १९४५ साली फर्ग्युसन सुटलं आणि ते होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. संस्था मुंबईत, बिऱ्हाड पुण्यात भांडारकर संस्थेजवळ. मग डेक्कन क्वीनच्या वाऱ्या आल्याच.

या दोघांचा पत्रव्यवहार संस्थेच्या अभिलेखागारात जपलेला आहे. सुरुवातीचा स्नेह पुढे आटला. भाभा १९४८ पासून अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष, आणि त्यांच्याच संस्थेतला प्राध्यापक चारचौघांत सांगणार की आपल्याकडे ऊन मुबलक आहे, सौरऊर्जेचं बघा! त्यात १९५९ मध्ये कोसंबींनी रीमानच्या गृहीतकाची सिद्धता म्हणून एक लेख छापला, तोही शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. ती सिद्धता टिकली नाही. १९६२ साली त्यांचा करार वाढवला गेला नाही.

कुणी म्हणतं, भाभांनी विरोधक दूर केला. कुणी म्हणतं, गणित चुकलं. मला दोन्ही अपुरं वाटतं. सतरा वर्षांचा संबंध एका कारणाने तुटत नसतो. आणि संचालकाचं पत्र निर्णय सांगतं, त्यामागचा राग किंवा दुःख नाही. ते ओळींच्या मधे शोधावं लागतं.

असो. २४ जानेवारी १९६६ ला भाभांचं विमान माँ ब्लाँवर कोसळलं. २९ जूनला कोसंबी पुण्यात झोपेतच गेले. वयं ५६ आणि ५८. म्हातारपणी निवांत आठवणी लिहायला दोघांनाही सवड मिळाली नाही.