खिडकीतलं सत्तांतर

गेले तीन शनिवार काही लिहिलं नाही. हापिसातलं रिलीज हे नेहमीचं कारण आहेच, पण यावेळी खरं कारण घरातलं राजकारण. आमच्या घरात सत्तांतर चालू होतं. निदान मला तसं वाटत होतं.

आधी पात्रपरिचय. मनी, वय बारा. माझ्या दहावीच्या सुट्टीत साताऱ्याच्या घराच्या माळ्यावर सापडली, आता आईबरोबर पुण्यात माझ्या फ्लॅटवर राहते. बंड्या, वय दीड. सोसायटीच्या पार्किंगमधून आईनेच उचलून आणलेला. दोघांचीही नसबंदी झालेली आहे, त्यामुळे भांडण प्रेमाचं नाही. भांडण हॉलच्या खिडकीच्या कट्ट्याचं. तिथे सकाळी ऊन येतं, खाली कबुतरं दिसतात, आणि ती जागा मनीची हे बंड्याला पहिल्याच आठवड्यात दोन चापट्या खाऊन कळलं होतं.

दिवाळीनंतर चित्र पालटलं. कट्ट्यावर बंड्या दिसायला लागला आणि मनी पलंगाखाली. तो जवळून गेला तरी ती फिस्कारायची. ट्रे सोडून बाथरूमच्या पायपुसण्यावर शू करायला लागली. मी नेटवर वाचलं, आणि निदान हजर: बंड्या आता 'अल्फा' झाला, म्हातारी राणी पदच्युत!

मग मी राणीला गादी परत मिळवून द्यायचं ठरवलं. मनीला आधी जेवण. बंड्याला कट्ट्यावरून हाकलणं. आणि रोज सकाळी मनीला उचलून स्वतः कट्ट्यावर ठेवणं. ती अर्धा मिनिट बसायची, खाली बघायची, उडी मारायची. खाली पडताना एक बारीकसा आवाज काढायची आणि पलंगाखाली निघून जायची.

"बघ, कशी घाबरते त्याला," मी आईला म्हटलं.

"घाबरत नाही रे ती. तिचं काहीतरी दुखतंय."

पण मी वाचलेलं होतं ना. आईने काय वाचलंय! असो. माझ्या डोक्यात हा 'अल्फा' आला कुठून, ते शोधायला बसलो आणि एक फार मजेशीर (आणि नंतर अजिबात मजेशीर न वाटणारी) गोष्ट हाती लागली.

गोष्ट सुरू होते कोंबड्यांपासून. थॉर्लाइफ शेल्डरुप-एब्बे नावाचा एक नॉर्वेजियन माणूस लहान असल्यापासून कोंबड्यांचं निरीक्षण करायचा. कोण कोणाला चोच मारते, कोण मुकाट मार खाऊन बाजूला होते, याच्या नोंदी ठेवायचा. १९२२ साली त्याने हे सगळं जर्मन भाषेत प्रसिद्ध केलं. आपण हापिसात चहाच्या टपरीवर ज्याला 'पेकिंग ऑर्डर' म्हणतो, तो शब्दप्रयोग तिथून आला. म्हणजे आपल्या टीममधली उतरंड मुळात खुराड्यातली आहे. :)

गंमत म्हणजे ही उतरंड नेहमी सरळ नसते, हे त्यानेच लिहून ठेवलं होतं. कधी पहिली कोंबडी दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी परत पहिलीला. त्रिकोण! पण लोकांनी शिडी लक्षात ठेवली, त्रिकोण विसरले. शिडी समजायला सोपी असते.

पुढचा अंक लांडग्यांचा. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात रुडॉल्फ शेंकेल हा शास्त्रज्ञ लांडगे बघत होता. १९४७ साली त्याचा शोधनिबंध आला. कळपात नर आणि मादी अशा दोन्हींकडे वरच्या जागेसाठी सतत चुरस चालते आणि त्यातून एक सर्वोच्च जोडी तयार होते, असं त्यात मांडलं होतं. 'अल्फा' लांडग्याची कहाणी इथून पसरली. आता तपशील बघा. जागा होती सुमारे १० मीटर बाय २० मीटर, आणि तीत एका वेळी दहापर्यंत लांडगे. जंगलात ज्या लांडग्याला पटत नाही तो चालू लागतो. इथे चालून चालून जाणार कुठे?

अमेरिकेतल्या डेव्हिड मेक यांनी १९७० साली लांडग्यांवर मोठं पुस्तक लिहिलं, त्यातही हाच अल्फा होता. पुस्तक खूप चाललं आणि अल्फा घराघरांत पोचला. पुढे १९८६ पासून मेक कॅनडाच्या अगदी उत्तरेला, एल्समिअर बेटावर, दर उन्हाळ्यात रानातल्या लांडग्यांजवळ राहून बघू लागले. तिथे त्यांना दिसलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची वेगवेगळ्या वयाची पोरं. ज्याला अल्फा म्हणायचं तो चक्क बाप! त्याने कोणाला हरवून ती जागा मिळवलेली नसते. १९९९ साली त्यांनी हे शोधनिबंध लिहून स्पष्ट सांगितलं, आणि आपलं ते जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. अखेर २०२२ मध्ये ते थांबलं. स्वतःच्या गाजलेल्या कोडमधला बग स्वतः जाहीर करणारा माणूस. माझा तर सलाम.

मग मांजरांचं काय? मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका-मध्यपूर्वेतलं रानमांजर. २००७ साली ९७९ पाळीव आणि रानटी मांजरांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातून हे नातं पक्कं झालं. माणसाशी संगत फार जुनी. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्यापासून अवघ्या ४० सेंटिमीटरवर पुरलेलं एक मांजर सापडलं, ही बातमी २००४ सालची. सायप्रसमध्ये मुळात मांजरं नव्हतीच, म्हणजे कोणीतरी होडीतून नेली असणार.

पण हा पूर्वज एकटा राहणारा, एकटा शिकार करणारा. उंदीर एकाच्याच पोटापुरता असतो, तो चौघांत वाटून कसा खाणार? त्यामुळे कळप नाही, आणि कळप नाही तर नायक कशाला हवा? धान्याची कोठारं आली, एका जागी भरपूर खाणं मिळायला लागलं, तेव्हा मांजरी गटाने राहायला शिकल्या. त्या गटातही मुख्यतः नात्यातल्या माद्या, आई-मावश्या-बहिणी, एकमेकींची पिल्लं पाजणाऱ्या. थोडक्यात आजोळ. बाहेरून आलेल्या परक्याला तिथे सहजासहजी जागा नसते.

मांजरांवर सगळ्यात चिकाटीने काम केलं ते जर्मनीच्या पाउल लायहाउझेन यांनी. हे कोन्राड लोरेन्झ यांचे शिष्य. १९५० च्या दशकात त्यांनी मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांच्या वाटा नोंदवल्या. त्यांना दिसलं की मांजरं जागा जशी वाटून घेतात तशी वेळही वाटून घेतात. सकाळी जी वाट एकीची, तीच संध्याकाळी दुसरीची. दोन वाटा मिळतात तिथे एक मांजर आधी पोचलं असेल तर दुसरं, एरवी कितीही दांडगट असलं तरी, बहुधा बसून वाट बघतं. आपल्याकडे मांजर आडवं गेलं की माणसं थांबतात. मांजरं हे आधीपासूनच पाळत असावीत. लायहाउझेन याला सापेक्ष वर्चस्व म्हणायचे. वरचढ कोण, याचं उत्तर 'कुठे आणि किती वाजता?' यावर अवलंबून.

त्यांनीच दुसरीही गोष्ट नोंदवली. बंद जागेत मांजरांची गर्दी केली की हे वेळापत्रक मोडत जातं. गर्दी जितकी जास्त, तितकी सापेक्षता कमी. शेवटी एक हुकूमशहा उरतो, आणि एखादं-दुसरं मांजर असं, की ज्याला सगळेच छळतात.

कोंबड्या खुराड्यात, लांडगे पिंजऱ्यात, मांजरं बंद खोलीत. बघणारा माणूस म्हणतो, यांचा स्वभावच असा. पण दार कोणी लावलं होतं?

आणि आता योगायोग. ज्या १९४७ साली बाझेलच्या लांडग्यांचा निबंध आला, त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लोव नावाच्या तरुणाकडे शेजारीण मांजराच्या पेटीसाठी वाळू मागायला आली. त्याने तिला वाळूऐवजी दाणेदार शोषक माती दिली. 'फुलर्स अर्थ', म्हणजे आपली मुलतानी मातीच्या जातीची. तिला ती इतकी आवडली की लोवने दहा पिशव्या भरून त्यावर 'किटी लिटर' असं लिहिलं आणि ६५ सेंटला एक अशा विकायला ठेवल्या. पुढे त्याचा मोठा धंदा झाला. आपण चेहऱ्याला लावतो त्या मातीने मांजराचा इतिहास बदलला! तोवर घरातलं मांजर बहुतेक दिवसभर बाहेर असायचं. आमच्या साताऱ्याची मनी तशीच होती, भांडण झालं तर कौलांवर निघून जायची. मातीची पेटी घरात आली आणि मांजराला बाहेर जायचं कारणच उरलं नाही. चौथ्या मजल्यावरचा माझा फ्लॅट हा त्या दहा पिशव्यांचा वंशज.

एवढं वाचल्यावर मी माझं 'निदान' बाजूला ठेवलं आणि जे येतं ते केलं. एक्सेल उघडलं. दोन आठवडे नोंदी: वेळ, जागा, कोण, काय झालं. रात्री बंड्या माझ्या खोलीत झोपतो, दार बंद असतं, अख्खा हॉल मनीचा. तेव्हा हॉलमध्ये जुना फोन रेकॉर्डिंगला लावला. बग पकडायचा तर एक घटक काढून घ्या आणि बघा उरतो का, हे आपण रोजच करतो.

बग उरला. प्रतिस्पर्धी दाराआड असतानाही मनी एकदाही कट्ट्यावर गेली नाही. रात्री दोन वाजता ती कट्ट्याखाली येऊन उभी राहिली, मान वर केली, मागचे पाय जुळवले, थांबली आणि परत फिरली. असं तीनदा. ते रेकॉर्डिंग बघताना घशात काहीतरी अडकलं. अख्ख्या शीटमध्ये सोफ्याच्या बैठकीपेक्षा उंच जागेवर मनीची एकही नोंद नव्हती. अपवाद फक्त सकाळचे, आणि त्या प्रत्येक नोंदीपुढे मीच लिहिलं होतं: 'मी उचलून ठेवलं.'

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मागच्या दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले. उडी मारता येत नव्हती म्हणून कट्टा सुटला होता. ट्रेची कड उंच, म्हणून पायपुसणं. धक्का लागला की कळ यायची, म्हणून फिस्कारणं. बंड्याने काहीही बळकावलं नव्हतं. रिकामी खुर्ची दिसली, बसला. आणि मी रोज सकाळी तिला त्या उंचीवर ठेवून खाली उडी मारायला लावत होतो, तिचा मान राखायला.

डॉक्टर म्हणाले, हे अगदी नेहमीचं आहे, पण मांजर दुखणं लपवतं. २००२ साली बारा वर्षांवरच्या १०० मांजरांच्या एक्स-रेंचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांतल्या ९० मांजरांमध्ये सांध्यांची झीज दिसली. बरं, घरातली माणसाची गोळी देऊ नका हेही त्यांनी बजावलं; पॅरासिटामॉलने मांजर मरू शकतं.

दवाखान्यातून आल्यावर बंड्या उलट मनीवरच फिस्कारला. जुना मी असतो तर याला 'सत्ता टिकवण्याचा प्रयत्न' म्हटलं असतं. पण तिच्या अंगाला दवाखान्याचा वास होता, त्याने ओळखलंच नाही. दोघांना दोन खोल्यांत ठेवलं, एकमेकांच्या चादरी बदलल्या, दुसऱ्या दिवशी सगळं शांत.

दोन मांजरांत कोणीच कधी वरचढ नसतं असं मी म्हणत नाही. बंड्या दांडगा आहेच. पण घरातलं एखादं मांजर अचानक बदललं तर 'कोण जिंकलं' हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी दोन: काय दुखतंय? आणि काय कमी पडतंय? माझ्याकडे दुसऱ्याचंही उत्तर लाजिरवाणं होतं. दोन मांजरांना ट्रे एक, पाण्याचं भांडं एक, ऊन येणारी जागा एक. वीस मीटर सोडाच, माझा हॉल साडेचार मीटरचा आहे.

आता ट्रे तीन आहेत, मनीच्या ट्रेची पुढची कड कापलेली. पाणी दोन ठिकाणी. मनीला औषध चालू आहे. कट्ट्यापाशी पायऱ्या केल्यात, सगळ्यात खालची पायरी म्हणजे आजीचा जेवायचा पाट, जो आईने साताऱ्याहून येताना कशाला आणलाय म्हणून मी वाद घातला होता.

सकाळी सात ते दहा कट्टा मनीचा. बंड्या खाली फरशीवर बसून राहतो, वर चढत नाही. दहाला ऊन सरकतं, ती एकेक पायरी उतरते, आणि मगच तो जातो. हे वेळापत्रक त्यांचं त्यांनीच बसवलं.

आई रोज ते बघते. "मी म्हटलं होतं" असं अजून एकदाही म्हणालेली नाही.