गाठ म्हणजे कॅन्सरच का? प्रकार, कारणे, तपासणी आणि उपचार यांची साधी माहिती

कॅन्सर हा एक आजार नाही. शंभराहून जास्त वेगवेगळ्या आजारांना मिळून दिलेले हे नाव आहे. म्हणूनच 'अमक्याच्या मामूंना कॅन्सर झाला आणि सहा महिन्यांत गेले' हे ऐकून आपल्या अम्मींचेही तसेच होणार, असा हिशोब कुणी लावू नये. मामूंचा स्वादुपिंडाचा असेल, अम्मींचा स्तनाचा, तोही पहिल्या टप्प्यातला. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा अंदाज सांगतो की २०२२ साली भारतात सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून जास्त माणसे या आजाराने दगावली. पुरुषांत सर्वात जास्त आढळतो तो तोंडाचा, बायकांत स्तनाचा आणि त्याखालोखाल गर्भाशयाच्या तोंडाचा. आता गंमत म्हणा किंवा दुर्दैव, या तिन्ही जागा अशा आहेत की तिथला बदल डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो किंवा साध्या तपासणीत सापडतो. तरीही आपल्याकडे बरेच पेशंट उशिरा पोहोचतात. कुणी लाजेने, कुणी पैशाच्या भीतीने, तर कुणी 'दुखत नाही ना, मग असू दे' म्हणून.

गाठ आणि कॅन्सर

शरीरातल्या पेशी जुन्या होतात, मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात. किती वाढायचे आणि कधी थांबायचे याचा हुकूम पेशीच्या आतल्या जनुकांत असतो. जनुकांत बिघाड साठत गेला की एखादी पेशी हुकूम मानेनाशी होते आणि वाढतच राहते. तिची गाठ बनते. याला बरीच वर्षे लागतात, म्हणून वय वाढेल तसा धोका वाढतो.

पण प्रत्येक गाठ कॅन्सर नसते. कातडीखालची चरबीची मऊ गाठ, तरुण मुलींच्या स्तनात हाताखाली सरकणारी गाठ, गर्भाशयातला फायब्रॉइड या बहुतेक वेळा साध्या गाठी असतात. त्या जागच्या जागी वाढतात, दुसरीकडे पसरत नाहीत. कॅन्सरची गाठ मात्र शेजारच्या भागात घुसते आणि रक्तातून किंवा लसिकेतून यकृत, फुप्फुस, हाडे अशा लांबच्या ठिकाणी जाऊन बसते. हाताला चाचपून यातली कोणती कुठली, हे ना आपण सांगू शकतो ना शेजारची अनुभवी खाला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून थांबणे हेच सर्वात महागात पडते.

प्रकार कोणत्या पेशीपासून सुरुवात झाली यावरून ठरतात. त्वचा आणि अवयवांच्या अस्तरापासून होतो तो कार्सिनोमा. तोंड, स्तन, फुप्फुस, आतडे यांचे बहुतेक कॅन्सर यातच येतात. हाड, स्नायू, चरबी यांचा तो सार्कोमा. रक्ताचा ल्युकेमिया, आणि यात गाठ नसतेच. ताप, अशक्तपणा, हिरड्यांतून रक्त, अंगावर काळे-निळे डाग अशी सुरुवात होते. लसिका ग्रंथींचा लिम्फोमा. याच्याविषयी जरा जास्त सांगायला हवे, कारण मानेत गाठ आली की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा येतो आणि तो चुकीचाही नाही. पण गाठीचा तुकडा न तपासता महिनोन् महिने टीबीच्या गोळ्या चालू राहिल्या आणि शेवटी लिम्फोमा निघाला, असे घडते. लिम्फोमाचे अनेक प्रकार चांगले बरे होतात, म्हणून हा वेळ वाया जाणे जास्त सलते.

मुलांचे कॅन्सर मोठ्यांपेक्षा वेगळे असतात आणि उपचारांना चांगला प्रतिसाद देतात. बाळाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल दिसण्याऐवजी पांढरी चमकत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. डोळ्यातल्या पडद्याच्या गाठीची ती खूण असू शकते.

तोंड: सर्वात जास्त आपल्या हातात असलेला

भिवंडी-मालेगावचे लूम असोत की सोलापूरच्या बिड्या, रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून मावा किंवा गुटखा, सकाळी दात घासायला मिश्री, विदर्भात खर्रा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पुडी कुठे मिळते हे मात्र प्रत्येक मोहल्ल्याला माहीत आहे. आपल्याकडे दारूला हराम म्हणून दूर ठेवतात, ते आरोग्याच्या दृष्टीनेही बरोबरच आहे, कारण दारूही कॅन्सरचे सिद्ध झालेले कारण आहे. पण त्याच घरात लग्नाच्या ताटात पान-सुपारी फिरते आणि दादीच्या बटव्यात तंबाखू असते, याचा कुणी फारसा विचार करत नाही.

'आम्ही तंबाखू नाही खात, नुसती सुपारी खातो,' असे सांगणारे खूप भेटतात. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. सुपारीमुळे गालाचे आतले अस्तर कडक होते, तोंड हळूहळू कमी उघडायला लागते, तिखट सोसत नाही. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर दाताच्या डॉक्टरकडे जायची वेळ झाली आहे. तोंडात खरवडून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, विनाकारण हलणारा दात, आवाजातला घोगरेपणा, गिळताना अडकणे याही दाखवण्याच्या गोष्टी. हा टप्पा कॅन्सरच्या आधीचाही असू शकतो. तेव्हाच सवय सुटली तर मोठे संकट टळू शकते.

हुक्का पार्लरमध्ये जाणाऱ्या मुलांना वाटते पाण्यातून धूर गाळला जातो. गाळला जात नाही. थंड होतो, म्हणून जास्त ओढला जातो.

बायकांचे दोन कॅन्सर आणि लाज

स्तनात किंवा काखेत गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तासारखा स्राव, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणे, यातले काही दिसले तर वाट पाहू नये. बाळाला दूध पाजल्याने धोका काही प्रमाणात कमी होतो, पण चार मुलांना पाजलेल्या बाईलाही हा आजार होतो. आई किंवा बहिणीला कमी वयात झाला असेल तर तपासणी लवकर सुरू करावी. आनुवंशिक कॅन्सर एकूणात थोडेच, साधारण १०० पैकी ५ ते १०. पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो, क्वचित, पण होतो.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. 'आपल्यात खतना होतो, त्यामुळे आपल्या बायकांना हा होत नाही,' असा एक समज आहे. खतन्यामुळे धोका काहीसा कमी होतो असे अभ्यासांत दिसले आहे, पण तो संपत नाही. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणे, अंगावरून दुर्गंधी पाणी जाणे या तक्रारी बायका महिनोन् महिने अंगावर काढतात. लेडी डॉक्टर मागणे हा तुमचा हक्क आहे, बिनधास्त मागा. त्या नाहीत म्हणून तपासणी मात्र टाळू नका.

ही तपासणी किती उपयोगी आहे याचे जगाला पटलेले पुरावे आपल्याच राज्यातून आले आहेत. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल त्यात होते. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तर दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरमधल्या आम्लाने गर्भाशयाचे तोंड तपासले आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तीस वर्षांवरील सर्वांची तोंड, स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात आहे. एचपीव्हीची लसही आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची २०२३ पासून बाजारात आली. मुलींना ९ ते १४ या वयात दिली तर सर्वात जास्त फायदा. ही लस मूल होण्यात अडथळा आणत नाही.

उरलेली कारणे थोडक्यात: बिडी-सिगारेट, लठ्ठपणा, हेपॅटायटिस बी आणि सी (यकृत, बी ची लस बाळाला जन्मतःच मिळते), प्रदूषित हवा, काही रसायने. आणि कधीकधी काहीच कारण सापडत नाही. म्हणून पेशंटला 'तूच काहीतरी केलं असशील' म्हणू नये. नजर लागल्यानेही होत नाही. एका ताटात जेवल्याने लागतही नाही.

तुकडा काढला की पसरतो?

सर्वात जास्त नुकसान करणारी अफवा हीच. गाठीचा तुकडा किंवा सुईने घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही, असला तर कोणता, हे ठरत नाही. नीट केलेल्या बायोप्सीने आजार वाढत नाही. तुकडा काढल्यानंतर तब्येत बिघडलेली दिसते, कारण आजार आधीपासूनच पुढे गेलेला असतो आणि आपण तेव्हा पोहोचलेलो असतो.

रिपोर्टमध्ये दोन शब्द येतात आणि घरोघरी त्यांची गल्लत होते. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात. स्टेज म्हणजे आजार शरीरात किती पसरला आहे, एक ते चार. 'ग्रेड तीन' ऐकून तिसरी स्टेज समजून रडारड करू नका, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उपचार

गाठीच्या कॅन्सरमध्ये आजार एका जागी असेल तर बहुधा ऑपरेशन मुख्य असते. स्तनाचा असेल तर प्रत्येक वेळी पूर्ण स्तन काढावाच लागतो असे नाही. रेडिएशन, म्हणजे लोक ज्याला 'शेक' म्हणतात, त्यात किरणांनी ठरावीक भाग जाळला जातो. बाहेरून मशीनने शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण राहत नाहीत, नातवंडांना खुशाल मांडीवर घ्यावे. (थायरॉइडसाठी आयोडीनचा डोस दिला असेल तर मात्र काही दिवस अंतर ठेवायला सांगतात.) केमोथेरपी वेगाने वाढणाऱ्या पेशींवर काम करते, म्हणून केसांच्या मुळांवर आणि तोंडाच्या अस्तरावरही परिणाम होतो; केस बहुतेकदा परत येतात. केमोच्या दिवसांत १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, संसर्ग तासाभरातही जोर धरू शकतो. काही स्तनाच्या कॅन्सरना हार्मोनच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालतात. बरे वाटते म्हणून त्या मध्येच सोडू नयेत. रक्ताच्या एका प्रकारात, सीएमएलमध्ये, इमॅटिनिब या गोळीने २००१ नंतर चित्रच बदलले. इम्युनोथेरपी हे नवे औषध, महागडे, आणि सगळ्यांना लागू पडत नाही.

कलौंजी, शहद, हकीमसाहेबांची दवा घेत असाल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, काही औषधे केमोशी जमत नाहीत. दुआ सुरू ठेवा, उपचारही सुरू ठेवा. रमजानमध्ये केमो चालू असेल तर रोज्याचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्या. आजारी माणसाला सवलत खुद्द कुरआनात आहे, आणि पाणी कमी पडले तर किडनीला त्रास होतो.

आजार बरा होण्यापलीकडे गेला तरी वेदना सोसत राहण्याची गरज नसते. मॉर्फिनच्या गोळ्यांनी बहुतेक पेशंटचे दुखणे आटोक्यात येते, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्या तर व्यसन लागण्याची भीती फारच कमी.

पैसा आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत महाराष्ट्रातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. यादीतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचे टेबल असते. दाखल होण्याआधीच रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथे जा, कारण पैसे भरून झाल्यावर ते परत मिळवणे अवघड. परळचे टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि तिथला समाजसेवा विभाग मदत करणाऱ्या ट्रस्टची माहिती देतो, पण गर्दी प्रचंड. आपल्या जवळच्या केंद्रात तोच उपचार मिळत असेल तर तिथेच सुरू करणे अनेकदा शहाणपणाचे.

दुसरे मत घ्यायला जाताना नुसती रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. बायोप्सी केलेल्या लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. तो पेशंटचा असतो, सही घेऊन देतात. ब्लॉक उन्हात किंवा गरम गाडीत ठेवू नका.