घोडा, पहारेकरी आणि चुकीचं नाव

आमच्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. मार्गशीर्ष सरत आला की घोडे, गाढवं, बैल यांचा मोठा बाजार लागतो, आणि घोड्याचे दात बघून वय सांगणारी जाणती मंडळी फिरताना दिसतात. आजचा लेख इम्युनॉलॉजीवर आहे, पण सुरुवात घोड्यापासूनच करावी लागेल.

त्याआधी मे २०२१. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘म्युकर’ हा शब्द गावागावात पोचला. दिवसभर फोनवर एकच मेसेज फिरायचा: अँफोटेरिसीन-बी मिळेल का? नांदेड, लातूर, कुठेही चालेल. २० मे २०२१ ला केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. त्या दिवसांत आमचे मामा फोनवर म्हणाले, "अरे, बुरशी तर शिळ्या भाकरीवर पण येते, ओल्या सोयाबीनच्या ढिगावर पण येते. मग आत्ताच माणसाचा डोळा कशी काय खायला लागली?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर येत नव्हतं. म्हणून हा खटाटोप.

तर घोडा. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं की विष थोडं थोडं टोचलेल्या प्राण्याच्या रक्तात त्या विषावरचा उतारा तयार होतो. सर्पदंशावरची लस आजही याच पद्धतीने बनते. आपल्या मुंबईच्या हाफकिनचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. घोड्याला सापाच्या विषाचे वाढते डोस देतात, मग त्याच्या रक्तातून अँटिबॉडी वेगळ्या काढतात. पण हा सगळा मिसळीचा मामला. एकाच विषावर शेकडो प्रकारच्या अँटिबॉडी, प्रत्येक वेगळ्या जागी चिकटणारी. जीव वाचवायला उत्तम. पण पेशीवरचा एकच एक रेणू शोधायचा असेल तर ही मिसळ उपयोगाची नाही.

ती अडचण १९७५ मध्ये सुटली. केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाईन यांनी अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि न थकता वाढणारी कर्करोगाची पेशी यांचं लग्न लावून दिलं. त्यातून निघणारं कूळ एकाच नमुन्याची अँटिबॉडी बनवत राहतं, हवी तितकी. या शोधाचं पेटंट घेतलं गेलं नाही. १९८४ मध्ये नोबेल मात्र मिळालं.

आता पहारेकरी. यीस्टच्या भिंतीपासून बनवलेला ‘झायमोसन’ नावाचा पदार्थ १९४० च्या दशकापासून प्रयोगशाळांत होता. आपल्या शरीरातल्या मॅक्रोफेज पेशी तो गपकन गिळतात, हेही माहीत होतं. पण ओळखतात कशाने? २००१ मध्ये ऑक्सफर्डच्या गॉर्डन ब्राऊन आणि सायमन गॉर्डन यांनी मॅक्रोफेजमधली जनुकं अशा पेशींत घातली की ज्यांना झायमोसन चिकटतच नाही. मग बघत बसले, आता कुठल्या पेशीला चिकटतंय! आपण बग शोधताना एकेक मॉड्यूल चालू करून बघतो ना, अगदी तसंच. सापडलेला रेणू बुरशीच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकन ओळखत होता.

गंमत म्हणजे त्याचं बारसं आधीच झालेलं होतं. २००० मध्ये डॅलसच्या गटाला तो डेंड्रायटिक पेशींत सापडला होता, म्हणून नाव पडलं डेक्टिन-१. पुढे ऑक्सफर्डच्याच मंडळींनी उंदराच्या या रेणूवर नेम धरणारी, एकाच नमुन्याची अँटिबॉडी उंदराच्या मोठ्या भावाकडून, म्हणजे लॅब-रॅटकडून, बनवून घेतली. तिचं नाव २ए११. २००२ मध्ये ती वापरून बघितलं तर हा रेणू मुख्यतः मोनोसाईट, मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल यांच्यावर! म्हणजे नाव दिशाभूल करणारं. पण एकदा सगळीकडे वापरात गेलेलं व्हेरिएबलचं नाव कोण बदलतंय? राहिलं तसंच.

२ए११ चं दुसरं काम जास्त मोलाचं. ती रेणूवर बसली की ग्लुकनला जागाच उरत नाही. कोडची एक ओळ कॉमेंट करून प्रोग्रॅम चालवावा तसं, डेक्टिन बंद करून पेशीचं काय होतं ते बघता येतं. ही बाटली कुठल्याच रुग्णासाठी नाही, फक्त संशोधनासाठी.

उत्तरं मात्र सरळ आली नाहीत. २००७ मध्ये डेक्टिन-१ नसलेल्या उंदरांवरचे दोन अभ्यास एकाच नियतकालिकात आले. एक म्हणाला, कँडिडा बुरशीशी लढायला हा लागतोच; दुसरा म्हणाला, नाही लागत. २००९ मध्ये हॉलंडमधल्या एका कुटुंबात हे जनुक बिघडलेलं सापडलं. त्यांना बुरशीचा वारंवार त्रास होत होता, पण तो नखं आणि नाजूक त्वचेपुरता, जिवावर बेतणारा नाही. थोडक्यात, शरीराने एकाच पहारेकऱ्यावर भिस्त ठेवलेली नाही.

मग मामांच्या प्रश्नाचं काय? इथे मलाही धक्का बसला. म्युकरच्या कुळातल्या बुरशींच्या भिंतीत बीटा-ग्लुकन फार कमी. कायटिन आणि कायटोसान जास्त. रक्तातलं ग्लुकन शोधणारी चाचणी म्हणूनच म्युकर पकडत नाही. ज्या पहारेकऱ्याचा एवढा इतिहास सांगितला, त्याच्या ओळखीचा हा चोर नव्हेच! त्याला रोखतात ते न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज, आणि त्यांनाच वाढलेली साखर आणि स्टेरॉईड ढिलं पाडतात. वर २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या गटाने दाखवलं की साखर आणि लोह वाढलं की रक्तवाहिनीच्या अस्तरावर जीआरपी-७८ हा रेणू वाढतो, आणि बुरशी नेमका तोच धरून आत शिरते. पुढे याच बुरशीच्या ‘हाता’वर बनवलेल्या अँटिबॉडीने उंदरांना वाचवलं. उंदरांना, हे लक्षात ठेवायचं.

मामांना मी एवढंच सांगितलं: बुरशी तीच आहे, पहारा ढिला पडला होता. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे साखर तपासली असती तर..."

आमच्याकडे किती जणांना आपल्याला साखर आहे हे दवाखान्यात दाखल झाल्यावरच कळलं. ती तपासायला ना ऑक्सफर्ड लागतं, ना २ए११. बोटाला एक टोचणी लागते. या वेळी यात्रेला गेलात तर घोड्याचे दात जरूर बघा, पण सोबतच्या थोरल्यांची साखर आधी बघून घ्या.