पूरग्रस्त आणि सहकार : पुण्यातील दोन संज्ञा

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटून मुठेकाठच्या पेठा जलमय झाल्या. पुढे शासनाने भूखंड दिले. बेघर कुटुंबांनी शंभराहून अधिक सहकारी गृहरचना संस्था स्थापिल्या व त्यांचा कारभार सभासदांतून निवडलेल्या मानद कार्यकारिणींनी वाहिला.

येथे दोन संज्ञा लक्षणीय आहेत. ‘ग्रस्त’ हे ‘ग्रस्’ धातूचे कर्मणि धातुसाधित मनुष्यास कर्म ठरविते. ‘सहकार’ त्यास कर्ता करतो. पर्वतीच्या दक्षिणेकडील उपनगरास ‘सहकारनगर’ हे नाव लाभले. शासनाच्या दप्तरी मात्र ‘पूरग्रस्त’ हीच संज्ञा अर्धशतकानंतरही टिकली. कारण भूखंडांच्या मालकीहक्काचा प्रश्न तिच्याशी निगडित होता. या वसाहतींच्या इतिहासकाराने म्हणूनच दोन्ही शब्दांची साक्ष घ्यावयास हवी : एक हानी नोंदवितो, दुसरा नागरिकांचे कर्तृत्व.