हाड जुळते, चालणे शिकावे लागते

पाय मोडला की भेटायला येणारे आधी विचारतात, 'प्लॅस्टर की रॉड?' माणूस पुन्हा उभा कसा राहणार, हे फारसे कोणी विचारत नाही. या दुसऱ्या प्रश्नाचाही इतिहास आहे.

मांडीचे किंवा पोटरीचे हाड मोडलेल्या रुग्णाला पाच खुंट्या ठोकलेल्या फळीवर बांधून निजवावे, असे सुश्रुतसंहिता सांगते. तळहाताचे हाड जुळल्यावर मात्र आधी मातीचा गोळा धरावा, मग मीठ आणि हातात बळ आले की दगड, असेही तीच सांगते. म्हणजे विश्रांतीनंतर पायरीपायरीने व्यायाम.

मांडी मोडलेला रुग्ण विसाव्या शतकातही पायाला वजने टांगून कित्येक आठवडे खाटेवर पडून असे. हाड जुळे, पण गुडघा आखडे, स्नायू झडत. १९३९ साली जर्मनीतील कील येथे गेरहार्ड कुंटशर यांनी हाडाच्या पोकळीत लांब पोलादी सळई बसवली आणि रुग्ण लवकर उठू लागले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या युद्धकैद्यांच्या एक्स-रेत या सळया पाहून दोस्त राष्ट्रांचे डॉक्टर चकित झाले. आपल्याकडे १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपी शिकवणारी देशातील पहिली शाळा निघाली.

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या चामोर्शीत मी धानाच्या बांधीत घसरलो आणि तशीच सळई माझ्याही मांडीत आली. शस्त्रक्रिया दूरच्या शहरात झाली. घरी आल्यावर शेजारी मायेने म्हणाले, "भाऊ, तीन महिने खाट सोडू नका." हा सल्ला वजने टांगण्याच्या काळातला. डिस्चार्ज कार्डावर दोनच शब्द होते, 'व्यायाम करावा'. कोणता, किती, ते डॉक्टरांना फोन करून विचारले. पंजे वरखाली करायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, वॉकर धरून सांगितला तेवढाच भार टाकायचा. नमाजात गुडघे टेकायला पाच महिने लागले.

मला निदान फोन करून विचारता आले. रोवणीला जाणाऱ्या बाईला चिखलात वाकताच येत नसेल, तर एक्स-रेत जुळलेले हाड तिच्या काय कामाचे? प्रत्येक रुग्णाच्या हाती मराठीतला, चित्रांसह व्यायामाचा कागद द्यावा. त्याला रॉडइतका खर्च येत नाही.