कानाने निवडायचे वाद्य

तंबोरा घेताना माणूस आधी भोपळ्याचा आकार बघतो, मग दांडीवरची नक्षी. भाचीसाठी तंबोरा घ्यायला मी आंजर्ल्याहून मिरजेला गेलो, तेव्हा कारागीर म्हणाले, "आधी डोळे मिटा." त्या तीन शब्दांमागे पावणेदोनशे वर्षे उभी आहेत.

मिरजेचे शिकलगार म्हणजे तलवारींना धार आणि पाणी देणारे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि शस्त्रांचे काम सरत गेले. १८५० च्या सुमारास त्यांच्यातले फरीदसाहेब वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले, पुढे स्वतःच वाद्ये घडवू लागले. पंढरपूरकडचा भोपळा आला, दांडीला तून लाकूड आले आणि घराण्याचे नावच सतारमेकर झाले. नंतर अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार. गवयाचा कान आणि कारागिराचा हात असे शेजारी आले. खाँसाहेब १९३७ साली गेले. मीरासाहेबांच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही संगीतसभा होते.

मग वाद्य निवडायचे कसे? गिटारची तार अरुंद पट्टीवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती. तार तिला अलगद घासते, आणि एका स्वरातून अनेक स्वर फुटतात. हीच जवारी. तारेखाली सुताचा धागा सरकवून ती खुलवायची. खर्जाची तार छेडावी आणि नाद विरेपर्यंत थांबावे. कोणी न छेडलेला गंधार त्यातून ऐकू आला, तर जवारी जमली म्हणावी. मग खुंटी पिळून पाहावी. सैल खुंटी सूर धरत नाही. आमच्या आंजर्ल्याच्या खाऱ्या, दमट हवेत तर हे आधी तपासावे. शेवटी तंबोरा घेऊन बसावे. उंच पट्टीच्या गळ्याला लहान, खालच्या पट्टीला मोठा. पण गाताना तो हाताला जड होता कामा नये.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव राखले जाईल. जवारी मात्र कानस फिरवता फिरवता कानानेच लावावी लागते. बटण दाबले की वाजणारा इलेक्ट्रॉनिक तंबोरा घरोघरी आला आहे. डोळे मिटून ऐकणारे गिऱ्हाईक दाराशी येत राहिले, तरच कारागिराचा मुलगा ती विद्या शिकेल.